चौथा पाय

सुनेने लेथचं बटण बंद केलं. पट्टा फटफटत थांबला, आणि इतका वेळ नुसती धूसर सावली होऊन फिरणारं लाकूड हळूहळू टेबलाचा पाय झालं. त्याच्या घोट्याशी काळपट पट्टा उमटला होता. त्यातून निघालेला धूर मामंजींच्या चष्म्यासमोरून वर चढत होता.

“कोण मेलं म्हणून बटण बंद केलंस?” ते म्हणाले.

शब्द तोंडातून गेला तो गेला. दोघांनीही दुसरीकडे पाहिलं. मामंजींनी खिडकीकडे, तिने कोपऱ्यात चादरीत बांधून ठेवलेल्या तीन पायांकडे.

“धूर यायला लागला होता,” ती हळूच म्हणाली.

“येणारच. चिंच आहे ती, पपई नाही.”

दुसऱ्याच्या चालत्या लेथच्या बटणाला हात लावायचा नाही, हा त्या कारखान्यातला पहिला नियम. तिला तो मामंजींनीच शिकवला होता आणि आजवर तिने तो कधी मोडला नव्हता. पण त्या लाकडाला बदली नव्हती. कारखान्यामागची चिंच वाऱ्यात पडली तेव्हा तिच्या नवऱ्याने खोडाचे तुकडे करून माळ्यावर सुकत टाकले होते. बरेचसे चिरफळले. फळी निघाली एक, आणि पायांपुरते चांगले तुकडे चार. त्यातले तीन त्याने कातले. चौथ्याला नुसता गोल आकार दिला, पोट आणि मान कुठे येणार त्या खुणा पेन्सिलीने करून ठेवल्या, आणि त्या संध्याकाळी अंग कसकसतंय म्हणून लवकर घरी आला. तो ताप पुन्हा उतरला नाही.

चिंच कातणं म्हणजे हट्टी पोराला न्हाऊ घालणं, असं मामंजी म्हणत. लाकूड बाहेरून पांढुरकं, गाभ्याशी जांभळट काळं, आणि रेषा अशा की एक इकडे पळते तर दुसरी तिकडे. पटाशीला धार असेल तर ते लांबच लांब साल देतं. धार जराशी बसली की पटाशी कापायचं सोडून घासायला लागते. घासली की तापते, तापली की आणखी बोथट होते, आणि मग लाकडाच्या रेषा कापल्या न जाता उपटल्या जातात. घोट्याशी तेच झालं होतं. जळका पट्टा, आणि त्याखाली बारीक कुसळं उभी राहिलेली.

मामंजींनी तिथून अंगठा फिरवला.

“तसं गुळगुळीत आलंय की,” ते म्हणाले. “पट्टा तेवढा काढायचा.”

ती पुढे झाली. तिनेही तिथेच बोट फिरवलं आणि पटकन मागे घेतलं. बोटाच्या पेरात कुसळ घुसलं होतं.

मामंजी थट्टा करत असतील असं तिला वाटलं. त्यांना सवय होती.

“फिरतंय की थांबलंय?” दारातून आवाज आला.

शेजारचा सुतार होता. काडीसारखा उंच, खिशात कायम लाकडी मोजपट्टी, त्यामुळे सगळी गल्ली त्याला फूटपट्टीच म्हणे. टेबलाची फळी त्याच्याकडे होती. चौथा पाय आला की खाचा पाडून तो टेबल उभं करून देणार होता. तो आत आला, लेथवर वाकला आणि भुवया उंचावून उभा राहिला.

“टेबलाचा पाय करतोयस की पेन्सिल?”

“तुझ्या पायापेक्षा जाड आहे,” मामंजी म्हणाले.

“माझ्या पायावर टेबल नाही ठेवायचं.” फूटपट्टीने जाडी मोजायचा कॅलिपर उचलला, घोट्याला लावला, मग कोपऱ्यातल्या चादरीतून बाहेर आलेल्या एका पायाच्या टोकाला लावला. “आता बरोबरीला आलाय. अजून एखादा हलका हात फिरव, डोळ्यांना कळणार नाही. त्यापुढे गेलास तर चौघांत हा आजारी दिसेल.” बोलून झाल्यावर त्यानेही जीभ चावली. त्या घरात साधे शब्दसुद्धा जपून वापरावे लागत. “पॉलिश पेपर मार ना. कुसळं बसतील.”

“पेपराने लपतं, जात नाही. तेलाचा हात फिरला की सगळं वर येईल.”

“मग दुसरं लाकूड घे.”

फूटपट्टी तिच्याकडे वळला.

“तू का नाही कातत गं? हात चांगला आहे तुझा.”

“तो पाय मी करणार,” मामंजी म्हणाले. “त्याने अर्धा टाकलाय. बापाने पुरा करायचा.”

फूटपट्टी गेला. मामंजींनी पटाशी उचलली आणि धारेच्या चाकाकडे वळले. “पोलादच असलं,” ते जाता जाता पुटपुटले. “हल्लीच्या पटाश्या म्हणजे पत्र्याचे चमचे. नवीन आणून आठवडा नाही झाला.”

ती नवीन पटाशी तिनेच आणली होती. आधीच्या दोन्हींनाही मामंजींनी असाच दोष दिला होता.

ती लग्न होऊन आली तेव्हा तिला पटाशी आणि पेचकस यातला फरक माहीत नव्हता. नवऱ्याचा डबा घेऊन यायची आणि तासभर दारात उभी राहायची. “बघून बघून डोळे कातले जातील,” असं म्हणून एक दिवस मामंजींनी लेथला चक्क मुळा लावला. ती इतकी हसली की नवरा आतून बघायला आला. पण मामंजी गंभीर होते. मुळ्यावर हात बसला तर लाकडावर बसतो, आणि चुकला तर जेवणात खाता येतो, असं त्यांचं म्हणणं. त्या महिन्यात घरात भोवऱ्याच्या आकाराचे मुळे खाऊन सगळे कंटाळले.

लाकडाआधी त्यांनी तिला धार लावायला शिकवलं. चाकाच्या बाजूला पत्र्याच्या डब्यात पाणी. पटाशीच्या धारेमागे, अगदी जवळ, डाव्या हाताचं बोट. पटाशी चाकाला लावायची आणि वाट बघायची.

“काय बघू?” तिने विचारलं होतं.

“बघू नकोस. डोळ्याला निळं दिसेपर्यंत पोलाद मेलेलं असतं. जास्त तापलं की निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं. मग कितीही घास, धार टिकत नाही. बोट आधी बोलतं. बोट बोललं की लगेच पाण्यात.”

स्वतः मामंजी तर धार लावताना खिडकीबाहेर बघत. समोरच्या गच्चीवरची कबुतरं मोजत आणि मधेच, न बघता, पटाशी डब्यात बुडवत. चुर्र आवाज येई. पुन्हा चाक, पुन्हा चुर्र. दुपारपर्यंत डब्यातलं पाणी शाईसारखं काळं होई.

आताही ते खिडकीबाहेर बघत होते. ठिणग्या उडत होत्या. ती झाडू घेऊन भुसा गोळा करत होती, आणि हात थांबल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कशाची तरी वाट पाहत होतो. चुर्र आवाजाची. तो आलाच नाही. चाक फिरत राहिलं, मग थांबलं. मामंजींनी पटाशी फुंकली आणि लेथकडे गेले.

ती डब्याजवळ गेली. पाण्यावर भुशाची पातळ साय धरली होती. अखंड, कुठे मोडलेली नाही. खाली पाणी पिण्याइतकं स्वच्छ होतं.

लेथशेजारी पडलेली आधीची पटाशी तिने उजेडात तिरपी धरली. धारेच्या काठाने मोरपिसासारखी निळी झाक होती.

चहाच्या वेळी तिने मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं. एरवी ती कप त्यांच्यासमोर ठेवून वळत असे. डॉक्टरांनी रक्तात साखर सांगितल्यापासून त्यांचा चहा बिनसाखरेचा होता, आणि त्यावरून ते रोज तेच एक वाक्य बोलत, की हा चहा नाही, चहाचा निरोप आहे. आजही बोलले. मग त्यांनी कप उचलला. कान सोडून, अंगाला, पूर्ण पंजाने. नुकताच उकळलेला चहा होता. त्यांनी तो तसाच धरून ठेवला आणि सावकाश फुंकर मारत बसले. कपाभोवतीच्या बोटांवर, पेराशी, एक फोड आली होती आणि तिच्या शेजारी एक जुनी, सुकलेली.

“बोटाला काय झालं?”

त्यांनी कप खाली ठेवला, हात उलटा करून बघितला. फोड त्यांनीही त्याच वेळी पाहिली असावी.

“कुसळ लागलं असेल,” ते म्हणाले आणि हात मांडीखाली घेतला.

डॉक्टरांनी पायांची काळजी घ्यायला सांगितलं होतं. अनवाणी फिरू नका, पायांतली जाणीव कमी होते. हातांबद्दल कोणी बोललं नव्हतं. किंवा बोललं असेल, आणि मामंजींनी ते घरापर्यंत आणलं नसेल.

ती कप विसळायला उठली. नळ सोडला आणि तशीच उभी राहिली.

एक गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. दवाखान्यातल्या त्या शेवटच्या सकाळी ती धुतलेले कपडे घेऊन परत आली, तेव्हा मामंजी खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. नवऱ्याचा हात त्यांच्या दोन्ही हातांत होता. ते त्याच्याशी बोलत होते. चौथ्या पायाचं सांगत होते, घोट्याशी रेष उलटी आहे, तिथे वरून खाली ये म्हणून. तिला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. “हळू,” ते म्हणाले. “आत्ताच डोळा लागलाय.” तिने पिशवी खाली ठेवली आणि नवऱ्याच्या मनगटाला हात लावला. ते पहाटेच्या लेथच्या लोखंडासारखं गार होतं.

तेव्हापासून तिच्या मनात ते ठसठसत होतं. इतका वेळ हात हातात धरून बसलेल्या माणसाला कळलं कसं नाही? कधी तिला वाटे, त्यांना कळलं होतं आणि ते तिच्याशी खोटं बोलले. कधी वाटे, त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. कधी कधी, जेवताना समोरासमोर बसल्यावर, तिला त्यांचा रागही येई, आणि मग ती त्यांना आणखी एक पोळी वाढी.

नळाचं पाणी वाहत होतं. तिने बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती मामंजींच्या आधी कारखान्यात आली. नवीन पटाशीचा निळा काठ तिने पूर्ण घासून काढला. घाई केली नाही. बोट बोललं की पाण्यात, बोट बोललं की पाण्यात. धार नखावर टेकवून बघितली आणि पटाशी होती तिथे, होती तशीच ठेवली.

मामंजींनी लेथ सुरू केला. पायाच्या पोटावरून हलका हात फिरवला, आणि पटाशीखालून कागदासारखी पातळ साल उलगडत त्यांच्या मनगटावर आली. ते थांबले. सालीकडे बघून त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

“बघ! मी म्हटलं नव्हतं? नव्या पोलादाला रुळायला वेळ लागतो. नव्या सुनेसारखं.”

“मला तर मुळ्यांनी रुळवलं,” ती म्हणाली. ते मोकळेपणाने हसले. त्या हसण्यासाठी ती रोज पहाटे यायला तयार होती.

पण चिंच ती चिंच. पोट झालं, मान झाली, आणि घोट्यापर्यंत पोचेपर्यंत सालीची पावडर व्हायला लागली. मामंजींनी लेथ थांबवला आणि पटाशी घेऊन चाकाकडे निघाले.

“द्या, मी लावते,” ती म्हणाली. “तुम्ही बसा जरा.”

“माझ्या पटाशीला दुसऱ्याची धार?”

“आजच्या दिवस.”

“आजच्या दिवस का? माझे हात मोडलेत?”

ती वाटेत उभी होती. तिने बाजूला व्हायला हवं होतं. घोट्याशी एका हलक्या हाताइतकंच लाकूड उरलं होतं. त्यानंतर चादरीतल्या तीन पायांना जोड उरली नसती, आणि ते तीन पाय कधी कशाखाली उभे राहिले नसते.

“मामंजी, एकच हात उरलाय,” ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग चाकाकडे वळले, चाक सुरू करायला हात पुढे केला, आणि त्यांची नजर डब्यावर गेली. सकाळी तिने पाणी बदललं नव्हतं. ते काळंशार होतं, तळाशी पोलादाचा गाळ, वर भुशाची साय मोडून कडेला लागलेली. ते बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले.

“हे तू केलंस,” ते म्हणाले. विचारलं नाही.

ती वाटेतून बाजूला झाली.

“आणि माझं पाणी स्वच्छ होतं.”

बाहेर फूटपट्टीच्या दुकानात करवत चालू होती. ती थांबली, पुन्हा सुरू झाली. मामंजींनी डावा हात वर केला, फोड आलेलं बोट डोळ्यांसमोर धरलं आणि दुसऱ्या हाताच्या नखाने ती फोड दाबली. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

“ये इकडे,” ते म्हणाले. “बोट ठेव. धारेमागे. आणखी जवळ. हं.”

त्यांनी पटाशी धरली होती. तिचं बोट पोलादावर होतं आणि तिच्या बोटावर त्यांचा पंजा. चाक सुरू झालं. ठिणग्या दोघांच्या मनगटांवर पडल्या. तिची कातडी ताणली, मग चुणचुणली, मग बोट बोललं.

“झालं,” ती म्हणाली.

त्यांनी पटाशी पाण्यात बुडवली. चुर्र आवाज आला. ते तिच्याकडे वळले.

“इतक्या लवकर?”

तिने मान हलवली. तिच्याच्याने त्यांच्याकडे बघवेना. पोलाद किती तापलं असताना आपले हात काही न कळता ते धरून बसत होते, हे त्यांना आता कळत होतं. आणि गार पडलेलं काय काय धरून बसले होते, हेही ते मोजत असावेत. ते पुन्हा चाकाकडे वळले. चाक, ‘झालं’, पाणी. चाक, ‘झालं’, पाणी. धार पूर्ण होईपर्यंत तेच चाललं.

मग मामंजींनी पटाशी उलटी करून तिच्यापुढे धरली, मूठ तिच्याकडे.

“घोट्याशी रेष उलटी आहे,” ते म्हणाले. “वरून खाली ये. खालून वर नको. मीच चुकत होतो. त्याला सांगत होतो आणि मीच...” त्यांनी पटाशी तिच्या हातात दिली. “पटाशीला ढकलू नकोस. तिला बरोबर घेऊन जा.”

तिने लेथ सुरू केला. मामंजी तिच्या मागे उभे राहिले, बटणापासून दूर. पटाशी लाकडाला लागली, पांढुरक्या रेषांतून जांभळटात उतरली. एक साल निघाली. मधे तुटली नाही. जळका पट्टा गेला, कुसळं गेली, आणि पटाशी घोट्याखाली उतरून हवेत सुटली. तिने तेव्हा कुठे श्वास घेतला.

“आता मूठ,” मामंजी म्हणाले.

त्या कारखान्यात शेवटची झिलई त्याच लाकडाच्या सालींनी होई. तिने सकाळपासूनच्या पातळ साली गोळा केल्या, मुठीत दाबल्या आणि फिरत्या पायावर धरल्या. तळहात तापत गेला तशी लाकडावर चमक चढत गेली. सोसेना तेव्हा तिने मूठ उघडली आणि लेथ बंद केला. पाय फिरता फिरता थांबला.

मामंजी पुढे आले. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला, बोटं लाकडाकडे नेली आणि मधेच मागे घेतली. मग ते वाकले, आणि घोट्यावर गाल टेकला. डोळे मिटले.

“हं,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “कोमट आहे.”

“मुठीमुळे.”

“हो.”

त्यांनी गाल उचलला नाही. तसेच वाकून राहिले. त्यांच्या मानेच्या मागे भुसा बसला होता. तिला तो झटकावासा वाटला.

“सूनबाई.”

“काय मामंजी?”

“त्या दिवशी तू आलीस. त्याला हात लावलास.” ते थांबले. “तेव्हा कसा होता?”

करवतीचा आवाज बंद झाला होता. फूटपट्टी आता कुठल्याही क्षणी दारात येऊन काहीतरी बोलेल असं तिला वाटलं, आणि तो यावा असंही वाटलं. तो आला नाही.

“असाच,” ती म्हणाली. “कोमट.”

मामंजींनी मान हलवली, लाकडावरचा गाल न उचलता.

तिने पाय लेथवरून उतरवला नाही. तो निवेपर्यंत ती तिथेच, त्यांच्या शेजारी उभी राहिली.